चौदा महिन्यांचं दुखणं

आजच्या सभेचं अध्यक्षपद सांभाळणारे आपल्या मंडळाचे श्रीनिवासराव, उद्यापासून विमलताईंच्या क्लिनिकची किल्ली जिच्याकडे जाणार आहे ती व्यासपीठावरची डॉक्टर सुखदा, विमलताईंचे इथले सहकारी, वेस्टमीड हॉस्पिटलमधली शिफ्ट संपवून किंवा शिफ्टला जाता जाता इथे टेकलेली डॉक्टर, नर्स आणि लॅबमधली मंडळी, पहिल्या रांगेतले अजित आणि राघव, आणि जिच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत ती विमल, म्हणजे आज पाहुण्यांसमोर विमलताई रेगे: सगळ्यांना माझा आदरपूर्वक नमस्कार.

मी डॉक्टर हेमचंद्र टिपणीस. पर्थहून काल सिडनीला आलो. श्रीनिवासरावांनी मला बारा मिनिटं दिली आहेत आणि हेही सांगितलंय की कार पार्क पाच वाजता बंद होतो. पंचाहत्तरीच्या माणसाला माईक देऊन बारा मिनिटं म्हणणं, याला आमच्या पुण्यात धाडस म्हणतात. पण मी प्रयत्न करीन.

आत्तापर्यंतच्या वक्त्यांनी विमलताईंबद्दल जे सांगितलं ते सगळं खरं आहे. तीस वर्षं त्यांनी माणसांना ऐकलं. आठवड्यातून चार-चार दिवस, एकेका माणसाला पन्नास मिनिटं. आपल्या लोकांत मनोविश्लेषण म्हटलं की 'म्हणजे वेड्यांचं का?' असं विचारण्याचा काळ होता, तेव्हा त्यांनी दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली. आपल्यातली त्या विद्येची पहिली डॉक्टरीण म्हणून त्यांचा गौरव झाला. पण श्रोतेहो, त्या आधी काय होत्या, हे इथे कितीजणांना ठाऊक आहे? त्या आपल्यातल्या पहिल्या पेशंट होत्या. आणि त्यांना त्या कोचावर पाठवणारा माणूस तुमच्यासमोर उभा आहे.

ही गोष्ट सांगू का, असं मी तिला महिन्यापूर्वी फोनवर विचारलं. ती म्हणाली, "सांग. पण मला देवी करू नकोस आणि स्वतःला राक्षस करू नकोस. दोन्हींत पळवाट असते." तेव्हा मी जमेल तितकं सरळ सांगतो.

शहाऐंशी साल. गाव कालगुर्ली, पश्चिम ऑस्ट्रेलियातलं. सोन्याच्या खाणी, तांबडी धूळ, दुपारी सुरुंग उडाले की कपाटातल्या कपबशा किणकिणायच्या. पिण्याचं पाणी सहाशे किलोमीटरवरून पाइपातून यायचं. मराठी घरं दोन. एक अजित आणि विमलचं, हा खाणीत इंजिनिअर. दुसरं माझं; म्हणजे मी आणि एक प्रेशर कुकर. विमल पुण्यात कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची. इथे आल्यावर तिला शिकवायला एकच विद्यार्थी उरला, तो म्हणजे तिचा सहा वर्षांचा मुलगा राघव, आणि तोही उत्तरं इंग्लिशमध्ये द्यायचा. गाडी तिला चालवता येत नव्हती. अजित शिफ्टला गेला की ती, चार भिंती आणि बाहेर बेचाळीस डिग्री.

तेहतिसाव्या वर्षी तिचं गर्भाशय काढावं लागलं. ऑपरेशन कुठे झालं, कोणी केलं, ते मी सांगणार नाही. ते सर्जन आता हयात नाहीत. सहा आठवड्यांनी ती माझ्या दवाखान्यात आली. पोटाच्या डाव्या बाजूला हात ठेवून म्हणाली, "हेमचंद्र, इथे काहीतरी आहे."

मी तपासलं. हाताला काही लागलं नाही. गोळ्या दिल्या. पुढच्या आठवड्यात परत. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत. प्रत्येक वेळी तेच वाक्य: पोटात काहीतरी आहे. मी सर्जनना फोन केला. ते म्हणाले, "ऑपरेशन उत्तम झालं. बाई जरा नर्व्हस टाइप वाटली. परदेशात एकटी, आता मूलही होणार नाही. पर्थला ऑल्डरिच आहे, त्याच्याकडे पाठव."

डॉक्टर ऑल्डरिच हे तेव्हा आमच्या राज्यात मनोविश्लेषणातलं सर्वात मोठं नाव. मी चिठ्ठी लिहिली. आणि खरं सांगू? चिठ्ठी लिहिताना मला हायसं वाटलं. जिचं दुखणं आपल्याला सापडत नाही असा पेशंट डॉक्टरला नकोसा होतो. तिच्या पोटापासून मला सुटका हवी होती.

मग सुरू झाले ते चौदा महिने. रविवारी सकाळी कालगुर्लीहून ट्रेनने पर्थ, सात-आठ तास. सोमवार ते गुरुवार रोज पन्नास मिनिटं कोचावर. उरलेला दिवस एका भाड्याच्या खोलीत. शुक्रवारी परतीची ट्रेन. राघव आठवडाभर बापाकडे आणि शेजारणीकडे. शुक्रवारी स्टेशनवर तो विचारायचा, "मम, आर यू फिनिश्ड बीइंग सिक?" आणि ही म्हणायची, "अजून नाही रे."

कोच म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पेशंट उताणा झोपतो, डॉक्टर डोक्यामागे बसतो. दिसतं फक्त छत. विमलला उताणं झोपलं की दुखायचं. तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मी बसून बोलले तर चालेल का? झोपलं की कळ येते."

मागून आवाज आला, "माझ्यावर नजर ठेवावी असं तुम्हाला का वाटतं?"

ती म्हणाली, "नजर नाही ठेवायची. दुखतंय."

"हं," मागचा आवाज म्हणाला.

तिने सांगितलं, माझ्या पोटात काहीतरी आहे. त्यांनी लिहून घेतलं: पेशंटला गर्भ असल्याचा भास होतो. तिने सांगितलं, भास नाही, खरंच आहे. त्यांनी लिहिलं: विरोध तीव्र आहे. मग ती कंटाळून एक दिवस म्हणाली, बरं, असेल भास. त्यांनी लिहिलं: प्रगती. मंडळी, तुम्हीच सांगा, अशा खोलीला दार कुठे असतं? हो म्हटलं तरी डॉक्टरांचं खरं, नाही म्हटलं तरी डॉक्टरांचंच खरं. गप्प बसलं तर ते सर्वात खरं!

घरी यावं तर अजित म्हणायचा, "अगं, एवढे मोठे डॉक्टर सांगतायत, तर काहीतरी असेलच ना." अजित, मी तुला दोष देत नाही. तू खाणीतला माणूस. वर बसलेल्याने आधार पक्का आहे म्हटलं की खाली उतरायचं, हे तुझं शिक्षण. आणि पुण्याहून सासूबाईंचं पत्र यायचं की व्रत धर, मन रमव. तिने मन रमवायला भरतकाम आणलं. बसता येईना म्हणून उभ्याने करायची.

आता मी माझ्या भागाकडे येतो. पाणी पितो जरा.

चौथ्या महिन्यातला एक शनिवार. ती माझ्याकडे आली तेव्हा अंगात ताप होता, फार नाही, पण होता. वजन पाच किलो उतरलेलं. ती गेल्यावर मी एक्स-रेचा फॉर्म भरला. पोटाचा साधा एक्स-रे. सही केली. सोमवारी पाठवायचा होता. तेवढ्यात मनात आलं, ऑल्डरिचना न विचारता कसं पाठवायचं? माझं रजिस्ट्रेशन तेव्हा कच्चं होतं. दरवर्षी थोर डॉक्टरांची शिफारसपत्रं लागायची. मी सोमवारी त्यांना फोन लावला. ते अगदी गोड बोलले. म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही काढलेली प्रत्येक तपासणी तिला सांगते की तिचंच बरोबर आहे. चार महिन्यांचं माझं काम तुम्ही एका फॉर्मने पुसणार. पाठवायचा तर पाठवा."

मी पाठवला नाही. फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि नंतर फाडला. त्यानंतर ती आणखी दहा महिने त्या कोचावर उताणी झोपली.

दहा महिन्यांनी, एका रविवारी, पर्थला जाताना ट्रेनमध्ये ती कोसळली. मधल्या एका लहानशा गावात तिला उतरवलं. तिथे दोन खाटांचं हॉस्पिटल, डॉक्टर गावात नाही, एक वयस्कर नर्स. तिने विमलचा ब्लाउज वर केला, तळहात पोटावर ठेवला आणि म्हणाली, "लव्ह, देअर्स समथिंग इन हिअर."

विमल सांगते, तापाने डोळे मिटत होते, पण ते वाक्य ऐकलं आणि ती हमसाहमशी रडली. नर्सला वाटलं, जोरात दाबलं म्हणून. ती म्हणाली, "सॉरी, सॉरी." विमल म्हणाली, "नाही, हात काढू नका."

विमानाने तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. एक्स-रेवर डावीकडे एक पांढरी वेडीवाकडी रेघ. ऑपरेशनच्या गॉजमध्ये, म्हणजे रक्त टिपायच्या कापडात, एक दोरा असतो, तो एक्स-रेत दिसावा म्हणूनच विणलेला असतो. त्या चौदाही महिन्यांत तो दोरा तिथे होता आणि दिसायला तयार होता. पहिल्या ऑपरेशनमध्ये आत राहिलेल्या गॉजचा मुठीएवढा गोळा निघाला, पूने भरलेला. आतड्याचा एक तुकडा कापावा लागला.

ऑल्डरिच तिला भेटायला आले. फुलं घेऊन आले. ती म्हणाली, "डॉक्टर, पोटात खरंच काहीतरी होतं."

ते खुर्ची ओढून बसले, या वेळी समोर. म्हणाले, "होतं. आता आपल्याला हे शोधायला हवं, की मला चूक ठरवण्यासाठी तुम्ही एवढा त्रास का सोसलात."

टाके ओले होते, म्हणून तिला नीट हसताही आलं नाही.

मीही गेलो होतो. मला तिने विचारलं, "हेमचंद्र, एकदा एक्स-रे काढावा असं तुला कधीच वाटलं नाही का रे?"

मी म्हणालो, "नाही गं. तशी काही लक्षणंच नव्हती."

हे मी आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतोय. श्रीनिवासराव, माझी बारा मिनिटं संपली असतील. थोडं चालवून घ्या.

तुम्ही म्हणाल, मग या बाईंनी त्या विद्येकडे ढुंकूनही का पाहू नये? मीही विचारलं होतं. ती बरी होऊन कालगुर्लीच्या घरात भाजी निवडत बसली होती, बसून. म्हणाली, "चौदा महिने त्या माणसाने मला ऐकलं नाही. पण तो ऐकायचं नाटक करत होता तेव्हा मी मात्र रोज पन्नास मिनिटं मला ऐकत होते. तसं मला आधी कोणी बसवलंच नव्हतं. ती खोली वाईट नाहीये. त्या खुर्चीवरचा माणूस बदलायला हवा."

एक्क्याण्णव साली ती सगळी सिडनीला आली. अजितने खाण सोडली, ऑफिसची नोकरी धरली. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून मी बोलतो. विमल चाळिशीला आलेली, युनीत पोरांच्या शेजारी बसून पुन्हा डिग्री केली. मग विश्लेषकाचं प्रशिक्षण. त्यात स्वतः पुन्हा कोचावर झोपावं लागतं, वर्षानुवर्षं. झोपली. शेवटी एक निबंध लिहायचा असतो. तिने स्वतःच्याच पोटाची हकीकत लिहिली. समितीने परत पाठवला: विषयाचं पुरेसं विश्लेषण झालेलं नाही. तिने सुधारून दिला. परत आला. समितीतले दोघे ऑल्डरिचचे विद्यार्थी होते. कोणीतरी चहाच्या वेळी हळूच सांगितलं, "विमल, दुसरा विषय घे. पास होशील."

ती सहा महिने अडून बसली. इकडे घरात राघवची बारावी, अजितची पाठ धरलेली, आणि वय पुढे जातंय. लिहिलेलं खरं ठेवावं तर खुर्ची मिळत नाही. खुर्ची हवी तर खरं गिळावं. तिने दुसरा विषय घेतला. पास झाली. त्या दिवशी मी अभिनंदनाचा फोन केला, तर म्हणाली, "थँक्स. त्यांनी परत आत काहीतरी ठेवून शिवलंय, एवढंच."

पुढची तीस वर्षं तुम्हाला माहीत आहेत. तिच्या क्लिनिकमध्ये पहिल्या भेटीला कोच नसतो, समोरासमोर खुर्च्या असतात. पहिला प्रश्न: कुठे दुखतं? बोटाने दाखवा. दुसरा प्रश्न: तिथे शेवटचा हात कोणत्या डॉक्टरने लावला? निहारिका इथे बसली आहे, तिने परवानगी दिली म्हणून सांगतो. युनीत शिकत असताना तिला धडधडायचं, हात थरथरायचे. जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणाले, स्ट्रेस आहे, काउन्सेलिंग घे. विमलने तिला तीनदा त्यांच्याकडे परत पाठवलं, तिसऱ्यांदा स्वतः फोन केला: "डॉक्टर, मनाचं काम करणारी बाई तुम्हाला सांगतेय की हे मनाचं नाही. रक्त तपासा." थायरॉइड निघाला.

पण असेही पुष्कळ आले ज्यांचे सगळे रिपोर्ट स्वच्छ होते. त्यांना तिने 'काही नाहीये' असं एकदाही म्हटलं नाही. सुखदाला तिने शिकवलेलं पहिलं वाक्य म्हणे हेच: रिपोर्ट स्वच्छ आहे म्हणजे आपल्याला सापडलेलं नाही, एवढाच अर्थ घ्यायचा.

गेल्या वर्षी तिने तो जुना निबंध मनोविश्लेषकांच्या संस्थेच्या वार्षिक सभेत वाचला. ऑल्डरिच वारले होते. वाचून झाल्यावर पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर केला: "ते जाईपर्यंत तुम्ही थांबलात, याचा अर्थ काय असेल?" सत्तरी ओलांडलेली बाई, पुन्हा त्याच खोलीत! सुखदा सांगत होती, विमलताईंनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "पुढचा प्रश्न."

आणि आता माझं राहिलेलं. गेली कित्येक वर्षं मी सिडनीला आलो की हिच्याकडे उतरतो. हिच्या हातचं खातो. ही कधी ऑपरेशनचा विषय काढत नाही. माझ्यासाठी ते जेवण म्हणजे शिक्षा असायची, आणि न जाणं त्याहून मोठी शिक्षा. तिच्या न विचारण्यात मी अडकून पडलो होतो. महिन्यापूर्वी भाषणाचं निमंत्रण द्यायला तिचा फोन आला तेव्हा मी बोललो. फॉर्म भरल्याचं, फाडल्याचं, तुला खोटं बोलल्याचं.

ती म्हणाली, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"सत्त्याण्णवपासून. निबंधासाठी मी सगळ्या फाइली मागवल्या होत्या. तुझ्या दवाखान्यातून फॉर्मची कार्बन कॉपी आली. वरची प्रत फाडलीस, खालची राहिली."

मी विचारलं, "मग तीस वर्षं बोलली का नाहीस?"

म्हणाली, "पहिली दहा वर्षं रागाने. नंतरची वीस, ते वाक्य तुझं होतं म्हणून. मी कसं बोलू तुझं वाक्य?" मग म्हणाली, "मोकळं वाटतंय?"

मी म्हणालो, "नाही."

"बरं आहे. लगेच मोकळं वाटलं असतं तर मला संशय आला असता."

तर विमल, तू उद्यापासून क्लिनिकला जाणार नाहीस. तुला गुडघ्यांसाठी फिरायचंय, राघवच्या मुलीला मराठी वाचायला शिकवायचंय. ती उत्तरं इंग्लिशमध्येच देईल, तयारी ठेव. सुखदा, तुला शुभेच्छा; तुझ्याकडे येणाऱ्यांचं पहिलं वाक्य शब्दशः खरं असू शकतं, एवढं धरून चल.

आभार मानायचे राहिले. मंडळाचे आभार, चहा करणाऱ्यांचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे. अजितचे आणि राघवचे, कारण ही गोष्ट त्यांचीही होती आणि त्यांनी ती मला सांगू दिली. आणि त्या लहान गावातल्या नर्सबाईंचे, ज्यांचं नाव आम्हाला कोणालाच विचारायचं सुचलं नाही.

बोलण्याच्या ओघात कोणाचा मान राहून गेला असेल, वेळेचं भान सुटलं असेल, एखादा शब्द वाकडा गेला असेल, तर वयाकडे पाहून सांभाळून घ्या. या भाषणातल्या चुकांची मी मनापासून माफी मागतो. त्या दुसऱ्या चुकीची मागत नाही. फोन ठेवताना मी मागायला गेलो होतो. विमल म्हणाली, "नको. तू मागितलीस की मला द्यावी लागेल. हेमचंद्र, मला परत कशात अडकवू नकोस."

म्हणून मी नुसताच खाली बसतो. नमस्कार.